तुझ्या मापाचा कागद

९ जानेवारी

धाकटे,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पत्राचं एक बरं असतं, फेकून द्यायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

मला कळलंय. आईने सांगितलेलं नाही, उगाच तिच्यावर चिडू नकोस. रविवारी तुझा फोन आला की ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. पण कान गेलेत तिचे, त्यामुळे आवाज एवढा मोठा ठेवते की पुढे दुकानात काजं करत बसलेल्या मावशींनासुद्धा तुझी ख्यालीखुशाली कळते. वीस मार्च. पाठीत दोन सळ्या आणि बावीस स्क्रू. मी इस्त्री हातात धरून ऐकत राहिले आणि एका बाईच्या नव्याकोऱ्या बाहीला भोक पडलं.

तुला वेड लागलंय का? चव्वेचाळीस वर्षांची झालीस. तू बारा वर्षांची असताना त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते मी आईच्या शेजारी बसून ऐकलंय. मणका वळलाय, वाढ थांबली की वळणंही थांबेल, छेडायला जाऊ नका, पाय जातील. थांबलं की नाही? तू चालतेस, जिने चढतेस, स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत आठ-आठ तास बसून लोकांना गाड्यांच्या वेळा सांगतेस. दुखतं, कबूल. माझे गुडघे नाहीत दुखत? मी काय पाय कापून घेतले?

आणि हे जर त्या कोटापायी चाललं असेल, तर त्यात माझा काही संबंध नाही, हे एकदाचं लिहून टाकते. तू बावीस वर्षं ते तिरपे कोट घालून भर स्टेशनात बसलीस. रोज हजार माणसं तुला बघतात. त्यातल्या कुणीतरी बघितला, उचलला, तसाच शिवून दुकानात मांडला. हल्ली असंच चालतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींचंच बघ ना. प्रत्येकीला सगळ्यांपेक्षा वेगळं दिसायचं असतं, आणि प्रत्येकीच्या मोबाइलवर फोटो तोच असतो. मागच्या आठवड्यात एकीला म्हटलं, अगं, हा कोट तुला खांद्यात नीट बसणार नाही. तर म्हणे, बसायला नकोच आहे, असाच हवाय. आता काय डोंबल बोलणार.

ऑपरेशन रद्द कर. थोरली म्हणून सांगतेय. आणि आईला उगाच आशा लावू नकोस. ती परवा मला विचारत होती, “ताठ होईल का गं माझी पोर?”

तुझी,
ताई


२४ जानेवारी

धाकटे,

निरोप पोचला. आईने तो जेवताना, समोर बसून, शब्दाला शब्द सांगितला. “ती म्हणाली, ताईला म्हणावं, खोटंच लिहायचं असेल तर शाई वाया घालवू नकोस.” आणि मग मला विचारते, “काय खोटं लिहिलंस गं?” मी ताट उचलून मोरीत गेले.

बरं. ऐक तर मग.

गेल्याच्या गेल्या वर्षी, थंडी संपत आली होती तेव्हा, दुकानात एक बाई आली. साधीच होती, स्कर्टची शिवण उसवली म्हणून आली होती. मी टाका घालून देईपर्यंत ती खुंटीकडे बघत राहिली. खुंटीला तुझा तो विटकरी कोट होता, तुला पाठवायला इस्त्री करून ठेवलेला. तिने विचारलं, हात लावू का? लावला. आत बघितलं, शिवणी बघितल्या, बटणांची ती डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत उतरणारी ओळ बोटाने मोजली. मग म्हणाली, मी अमुक कंपनीसाठी कपडे निवडते. मोठी कंपनी. प्रत्येक शहरात त्यांचं दुकान आहे, तुझ्या स्टेशनासमोरसुद्धा आहे. ती म्हणाली, “हा हात इथे गल्लीत काय करतोय?”

तीस वर्षं झाली मला या मशीनवर बसून. शिवण आवडली नाही की लोक येऊन सांगतात. आवडली की आरशात स्वतःला बघतात आणि जातात. असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

दोन दिवसांनी ती परत आली आणि मी तुझा कागद तिला दिला. तुझा खाकी कागद, ज्यावरून मी दरवेळी कापड बेतते. मूळ नाही, त्याची नक्कल. टेबलावर पसरून, पेन्सिलीने गिरवून, स्वतःच्या हाताने कापून दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणजे ती देत होती, मी म्हटलं राहू द्या. हे मी माझी बाजू मांडायला लिहीत नाहीये. पैशासाठी केलं असतं तर निदान गरज होती म्हणून सांगता आलं असतं.

मला वाटलं, कुठेतरी दूर दोन-चार कोट शिवतील, एखादं चित्र छापतील. एवढंच. कोटावर आत कुठेतरी माझ्या दुकानाचं नाव लावतो म्हणाली होती. ते काही लावलं नाही.

आता तुला खरं सांगितलंय. आता तरी ते ऑपरेशन रद्द कर. राग माझ्यावर आहे तर माझ्यावर काढ, स्वतःच्या हाडांवर कशाला?

ताई


९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं का होईना, अक्षर तुझं होतं, उजवीकडे खाली उतरत जाणारं. मी ते मावशींनासुद्धा वाचू दिलं नाही, आणि त्यांना तर वाचताही येत नाही.

तू लिहिलंयस, दुकानात एका रांगेत दोनशे कोट टांगले होते. वर पाटी होती, ‘तुम्ही गर्दीतले नाही.’ तू एक अंगात घातलास, आरशासमोर उभी राहिलीस, आणि तो पाठीला बरोब्बर बसला. तिथेच तुला कळलं.

देवाशपथ, ते मी मुद्दाम केलं नाही.

तुला कापडाचं कळत नाही म्हणून सांगते. कुणाचाही कोट बेतताना कापड दुमडायचं असतं, एकदा कात्री चालवली की दोन्ही बाजू निघतात. देवाने माणूस तसाच बेतलाय, अर्धा कापला की दुसरा अर्धा आपोआप. फक्त तुझं कापड मी कधी दुमडलं नाही. एकेरी पसरायचं, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. डावा खांदा दीड बोट खाली. आणि उजव्या पाठीला, खांद्याच्या फऱ्याखाली, आत घेतलेले दोन टक्स, म्हणजे तिथे कापडाला पोट येतं आणि ती बाजू नीट आत मावते.

‘ती बाजू.’ बघ, अजून तेच लिहितेय. घरात आपण तो शब्द कधी उच्चारला नाही. कुबड. तुझं कुबड मावावं म्हणून ते टक्स होते. त्या बाईसाठी नक्कल करताना मी खांदा थोडा वर घेतला, कमर सैल केली, सगळ्यांना चालेल असं बघितलं, आणि टक्स काढायला विसरले. विसरले म्हणजे, मला ते दिसलेच नाहीत. माझ्या हाताला पाठ म्हणजे अशीच असते, धाकटे. बाकीच्यांच्या पाठीला ते नसतात, हे मला आठवायला हवं होतं, आणि आठवलं नाही.

त्यांनी ते तसेच शिवले. हजारो बायकांच्या पाठीवर रिकामी पिशवी. आणि कंपनीने त्यालाही नाव दिलं, ‘मोकळी पाठ’. मी छापील पुस्तिकेत वाचलं तेव्हा मला हसू आलं, नंतर ती पुस्तिका फाडून टाकली.

शेवटच्या ओळीत तू विचारलंयस, त्या बाईने मला विचारलं असेल ना, हा कागद कुणाच्या मापाचा म्हणून, तेव्हा मी काय सांगितलं.

मला नीट आठवत नाही. खूप बोलणं झालं त्या दिवशी.

गार वारं सुटलंय. मफलर घेत जा.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकटे,

आई काल फोनवर रडत होती. मला वाटलं ऑपरेशनची भीती वाटून. तर तिला तू खिडकीतल्या गोष्टी सांगत होतीस. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, तरी मी दाराला कान लावून ऐकलं. लाज काय, मला ती कधीची राहिलेली नाही.

कुणी एक पोरगी तिकीट विचारायला आली आणि तुझ्या पाठीकडे बघून म्हणाली, तुम्ही आत काय भरलंय हो? माझ्या कोटाचा फुगा चपटा पडतो. तू काय सांगितलंस? आईने हेच विचारलं तर तू नुसती हसलीस. तुझ्या शेजारच्या खिडकीतली म्हणाली, या वयात कशाला फॅशनच्या मागे लागायचं. बावीस वर्षं तिने तुला तोच कोट घातलेला बघितलाय. आणि आता थंडी सरायच्या आत ती लाट ओसरली. माझ्या दुकानात त्याच मुली तेच कोट घेऊन येतात, ताई, खांदे सरळ करून द्या ना, आता असे कुणी घालत नाही. मी करून देते. टक्स उसवते, खांदा उचलते. दिवसाला चार-पाच येतात. हातात कात्री असते आणि मी तुझी पाठ उसवत असते.

तुझे साहेब तुला म्हणाले, जरा नवीन काहीतरी घ्या, हे जुनं झालं. त्यांना काय माहीत, कोट काढला तरी खाली तेच आहे.

आपला पहिला कोट आठवतो का तुला? तू बावीसची होतीस, नोकरी लागली होती. त्याआधी आईने तुला सगळा जन्म मोठ्ठ्या शाली पांघरायला लावल्या, उन्हाळ्यातसुद्धा. गल्लीतली पोरं ‘वाकडा आकडा’ म्हणून चिडवायची ते चिडवायचीच. मी तुझ्यासाठी कापूस भरून डावा खांदा उचलणारा कोट शिवला होता, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून चार दिवस डोळे फोडले होते. तू घातलास, आरशात बघितलंस आणि काढून माझ्या अंगावर फेकलास. म्हणालीस, “ताई, लपवू नकोस. असंच ठरवून केलंय असं दाखव.” आणि खडू घेऊन माझ्या कापडावर एक रेघ मारलीस, डाव्या खांद्यावरून थेट उजव्या कमरेपर्यंत.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तू तो घालून गल्लीतून गेलीस. पोरं ओट्यावर बसली होती. एकही बोललं नाही.

त्या बाईला मी सांगितलं, ती रेघ माझ्या डोक्यातून आली. हे एक आठवलंय, म्हणून लिहिलं.

ताई


१ मार्च

धाकटे,

दोन आठवडे झाले, तू काही लिहिलं नाहीस आणि मीही. दुकानात लक्ष लागत नाही. काल एकीच्या बाहीचा मुंढा इतका खोल कापला की तिला हात वर करता येईना. मावशी म्हणाल्या, “बाई, मनात काय असेल ते ओकून टाका, नाहीतर गिऱ्हाइकं पळतील.”

आठवत नाही असं मी लिहिलं होतं. आठवतं. जागा, वेळ, सगळं. तिसऱ्या प्रहरचं ऊन टेबलावर आलं होतं. कागद मध्ये पसरलेला. तिने डाव्या खांद्याच्या त्या उतारावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे असं कसं? हा कागद कुणाच्या मापाचा आहे?” सरळ प्रश्न होता. वाईट हेतू नव्हता तिचा. मी जर म्हटलं असतं, माझ्या धाकट्या बहिणीचा, तर कदाचित तिने तुला विचारलं असतं, कदाचित तुझं नाव घातलं असतं, कदाचित कागद तिथेच ठेवून निघून गेली असती.

मी म्हटलं, “कुणाच्याच नाही.”

तिला वाटलं ही माझी कल्पना. तिने मान डोलावली. मला फार बरं वाटलं, धाकटे. तुझ्यापासून काय लपवायचं आता, मला फार फार बरं वाटलं.

का, ते पण लिहिते. तू चिडशील, पण ऐक. आपण दोघी रस्त्याने चाललो की लोक तुझ्याकडे बघायचे. आधी कीव म्हणून बघायचे, नंतर कोट आल्यावर वेगळ्याच नजरेने. काय ऐट आहे या बाईची, म्हणायचे. तुझ्या खिडकीसमोर लोक मुद्दाम रांग लावतात असं तूच एकदा सांगितलं होतंस. आई माझ्यासमोर शेजारणीला सांगायची, माझी धाकटी कशी डौलात राहते. आणि मी? सरळ पाठीची, धडधाकट, पायाने मशीन मारणारी थोरली. मला रस्त्यात कधी कुणी दोनदा बघितलं नाही. कुबड तुझं, डौल तुझा, ती रेघसुद्धा तुझी. माझी फक्त बोटं, आणि बोटं कुणाला दिसत नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी होते. लोक म्हणतील, कुबड्या बहिणीचा कुणी हेवा करतं का? करतं. मी केला, बावीस वर्षं केला, तुझे कोट शिवता शिवता केला.

म्हणून एकदा म्हटलं, कुणाच्याच नाही. एकदाच.

धाकटे, मी पाया पडते. थोरलीने धाकटीच्या पाया पडू नये म्हणतात, पडते. ते ऑपरेशन करू नकोस. मी तुझ्याकडून चोरलं ते परत देता येत नाही, पण तुझं म्हणून तुझ्याकडे जे अजून आहे ते त्या माणसांना कापू देऊ नकोस. माझी शिक्षा तू भोगू नकोस.

ताई


१९ मार्च

धाकटे,

आज पत्र पोस्टात टाकून काय उपयोग, उद्या सकाळी तुला आत नेतील. तरी लिहिते.

काल आईच्या फोनवर मी ओरडले, ते तुला ऐकू गेलं असेल. “तिला म्हणावं मी येतेय.” आणि तू म्हणालीस, “नको. आई पुरे.” आई आज पहाटेच्या गाडीने निघाली. तिच्या पिशवीत मी काही शिवून घातलं नाही. घालावंसं वाटलं होतं.

नीट ऊठ. बाकी काही मागत नाही. पाय हलले पाहिजेत, एवढंच. रागाने हलव, माझ्या नावाने शिव्या देत हलव, पण हलव.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

पाय हलले. आईने हॉस्पिटलच्या बाहेरच्या फोनवरून कळवलं. डावा नीट, उजव्याचा पंजा अजून उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, बघू. हे ‘बघू’ मला माहीत आहे, आपण गिऱ्हाइकाला कापड बिघडल्यावर तेच म्हणतो.

आई म्हणाली, “दोन इंच उंच झालीये. वाकता येत नाही, वेणी घालता येत नाही, मोजे मी चढवते. पण ताठ आहे गं, अगदी तुझ्यासारखी ताठ.” फोनवर ती आनंदाने रडत होती. मी इथे दुकानाचं शटर खाली ओढलं आणि अंधारात बसले.

वेळेवर खा. आईचं ऐक.

ताई


८ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं होतं, ‘सहा तारखेला ये, दुपारच्या गाडीने.’ आले, भेटले, परत आले. आता कालपासून पेन घेऊन बसलेय. तिथे तुझ्यासमोर जे तोंडातून निघालं नाही ते इथे निघेल असं वाटत होतं.

गाडीतून उतरले तेव्हा फलाटावर गर्दी होती. मी तुला शोधत होते. शोधत होते म्हणजे, खरं सांगते, मी चेहरे बघत नव्हते. मी एक तिरपी रेघ शोधत होते. एवढ्या लोकांत कुठूनही, पाठमोरी असलीस तरी, तू मला एका नजरेत सापडायचीस. पंधरा मिनिटं मी उभी होते. करड्या कोटातली, काठी घेतलेली एक बाई माझ्या समोरून गेली, पुढे जाऊन वळली, परत माझ्या समोरून गेली. मी तिला वाट द्यायला बाजूला सरकले.

मग तू माझ्या दंडाला हात लावलास.

तू रागावली नाहीस. “पहिल्यांदा वाटलं, तुझं लक्ष नाहीये,” तू म्हणालीस. “दुसऱ्यांदा तू माझ्याकडेच बघत होतीस, ताई.” मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. वाढलेला नाही.

चहाच्या टपरीवर तू उभ्यानेच चहा प्यालीस, त्या बाकावर बसता येत नाही म्हणून. मी तुझ्याकडे बघत राहिले. ती तुझी बसायची पद्धत, एका कोपरावर रेलून, मान किंचित कलती ठेवून समोरच्याला जोखायचं, ती गेली. आता तुला मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं. तुझा चेहरा तोच होता आणि मला तो ओळखीचा करून घ्यावा लागत होता.

मी धीर करून म्हटलं, “माप घेऊ का? नवीन कागद करते.” टेप माझ्या पिशवीत होतीच, ती कधी नसते?

तू कोटाची कॉलर उलटी करून आतली पट्टी दाखवलीस. त्याच कंपनीचा होता, समोरच्या दुकानातला. “मला आता तयार बसतं, ताई,” तू म्हणालीस. “मधला नंबर. आत जायचं, खुंटीवरचा काढायचा, घालायचा. पाच मिनिटं लागतात.” आणि मग तू तो कोट दोन्ही हातांनी खाली नीट ओढलास. इतका बरोबर बसला होता, मला त्यात एकसुद्धा खोट काढता आली नाही.

मी विचारलं, “माझ्यामुळे केलंस ना हे?”

तू कप टपरीच्या फळीवर ठेवलास. मग जे बोललीस ते मी गाडीत बसल्याबसल्या पाठ केलं, विसरू नये म्हणून. “तुला शिक्षा म्हणून नाही केलं. एवढा मी तुझा विचार करत नव्हते. माझी पाठ मला कधीच आवडली नव्हती, ताई. पहिल्यापासून दुखायची, रोज दुखायची. मला तो कोट आवडायचा. तो घातला की वाटायचं, हे दुखणं कुणालातरी शोभून दिसतं, आणि ती मी आहे. मग तो सगळ्यांचा झाला आणि सगळ्यांनी टाकून दिला. उरलं काय, नुसतं दुखणं. मग ते कशाला सांभाळायचं?”

मी विचारलं, आता दुखत नाही ना? तू म्हणालीस, “दुखतं. वेगळ्या जागी.”

मला माफ केलंस का, हे मला विचारायचं होतं. चहा संपेपर्यंत विचारू म्हटलं, मग फलाटावर विचारू म्हटलं. तू वाटेत कुणालातरी गाडीची वेळ सांगितलीस, सवयीने, आणि तो माणूस आभार मानून पुढे गेला. त्याने तुझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. तुझ्या लक्षात आलं का? माझ्या आलं. तुझ्या तोंडावर मला काहीच दिसलं नाही, सुखही नाही, दुःखही नाही.

पत्रं थांबवू का, असं मी शेवटी विचारलं, कारण दुसरं विचारवेना. तू म्हणालीस, “लिही की. मी वाचते.” बास. मी याचा अर्थ लावत बसले नाही, तू सांगितलंस तेवढंच घेऊन डब्यात चढले.

तू म्हणालीस, गाडी सुटेपर्यंत थांबते. मला खिडकी मिळाली, पण चुकीच्या बाजूची. माणसांना ढकलत या बाजूला येईपर्यंत गाडी हलली होती. मी गजांना तोंड लावून मागे बघितलं. फलाटावर करड्या कोटातल्या, सरळ पाठीच्या, चार-पाच बायका उभ्या होत्या. काठी गर्दीत दिसत नव्हती. त्यांतल्या एकीने हात वर केला. मी पण केला, आणि ती तूच होतीस का, ते मला माहीत नाही.

ताई